चौथ्या खांबावरची घार

विमानतळाच्या मनोऱ्यात सगळे त्यांना थांबाराव म्हणत. सव्वीस वर्षं विमानांना "थांबा" सांगण्यात गेली, तेव्हा नाव काही वाईट नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. वैमानिकांकडून प्रत्येक सूचना परत म्हणवून घेता घेता त्यांना स्वतःलाही तीच सवय लागली होती, आणि ती घरीही सुटली नव्हती. बायकोने मीठ आणायला सांगितलं, की "मीठ, एक किलो, आणतो," असं खणखणीत म्हणून दाखवायचे आणि साखर घेऊन यायचे.

धावपट्टीभोवती वारा मोजणारे सहा खांब होते. एक खांब एक सांगतोय आणि दुसरा भलतंच, असं झालं की गजर वाजे. म्हणजे वारा मध्येच उलटतोय. उतरतं विमान अशा वेळी दाणकन खाली येऊ शकतं. पण त्या आठवड्यात चौथ्या खांबावरच्या फिरकीवर एक घार येऊन बसू लागली. फिरकी अडली, की गजराची बोंब. सोमवारी थांबारावांनी दुर्बिणीतून तिला नीट पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं, "घार." मंगळवारी गजर झाला तेव्हा नुकता डबा उघडला होता आणि दुर्बीण हाताशी नव्हती. न बघताच लिहिलं, "घार." बुधवारीही तेच, फक्त अक्षर जरा वळणदार. दोन्ही दिवस उतरणारं विमान नव्हतं, म्हणून निभावलं.

गुरुवारी दुपारी आभाळ काळवंडलं. येणाऱ्या विमानात नव्वद माणसं होती आणि त्यांत थांबारावांचे साडू. "तुमचं काम म्हणजे चौकातला लाल दिवा, फक्त पेन्शनवाला," हे साडूंचं ठरलेलं वाक्य. विमान दोन मैलांवर आलं आणि गजर वाजला. चौथा खांब.

"घारच असणार, साहेब," शेजारच्या खुर्चीवरची सहकारी म्हणाली. "तीन दिवस तुमचीच नोंद आहे."

खोट्या गजरावरून विमान परत फिरलं, तर साडू जन्मभर पुरवून पुरवून हसणार. थांबारावांनी दुर्बीण उचलली. खांब रिकामा होता. धावपट्टीच्या या टोकाची वाऱ्याची कापडी नळी पूर्वेकडे ताठ, त्या टोकाची पश्चिमेकडे. जणू दोन साडू पाठ फिरवून बसलेत. त्यांनी भराभर वैमानिकाला वाऱ्याचे आकडे दिले.

"परत वर जातोय," वैमानिक म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा त्याचाच आवाज आला, जरा कोरडा. "वर चढतानाही एकदम खचलो होतो. बरं झालं सांगितलंत."

सरीमागून सर गेली, वारा निवला आणि पंचवीस मिनिटांनी विमान अलगद टेकलं. लगोलग साडूंचा फोन.

"अहो, जमीन दिसत होती खाली. कुठल्या शहाण्याने परत फिरवलं?"

"मीच."

"तरीच. थांबवल्याशिवाय करमत नाही तुम्हाला."

थांबारावांनी फोन ठेवला आणि नोंदवही ओढली.

"आता काय लिहिताय?" सहकारिणीने विचारलं. "कुणी काही विचारलेलं नाही."

मंगळवार आणि बुधवारच्या घारींसमोर त्यांनी आधी लिहिलं, "फेरतपासणीत पक्षी आढळला नाही." वाचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते खोडून त्यांनी खाली लिहिलं, "मी पाहिलंच नव्हतं. जेवत होतो." आणि सही केली.