वळणावरचा दुसरा आवाज

तीस वर्षं मी गाड्यांची स्टिअरिंगं फिरवतेय आणि आजवर एकही गाडी हातभर पुढे नेलेली नाही. हसू नका. आमचा रांगेल, म्हणजे माझा नवरा, गाडीखाली शिरतो, स्प्रिंगवर तळहात टेकवतो आणि तिथूनच ओरडतो, "दाफिना! डावीकडे, पूर्ण! आता उजवीकडे!" मी कणकेचे हात पुसत येते, बसते, फिरवते. वळताना टकटक वाजलं तर एक्सलचा सांधा गेला. करकरलं तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. आणि ठप्प झालं तर बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्याच्यावर तोललेलं असतं तो गोळा. तो निसटला की चाक आडवं होतं आणि मग वळणावर देवच वाली. हे सगळं मला लग्नानंतर कळलं. लग्नाआधी कळलं असतं तर शिंप्याला हो म्हटलं असतं.

रांगेल बस डेपोत मिस्त्री होता. डेपो बंद पडला तेव्हा त्याने घराखालच्या बकऱ्यांच्या गोठ्यात गॅरेज टाकलं. आमचं गाव रोडोपी डोंगरात, रस्ता म्हणजे नुसती वळणं. इथे गाड्यांचं पुढचंच अंग आधी जातं. रांगेलचे गुडघे गेले, कंबर गेली. आता सहासष्ट वर्षांचा आहे. सकाळी एक मोजा चढवून तो पाच मिनिटं खाटेवर नुसता बसून असतो, दुसरा हातात धरून. माझंही तेच चाललंय.

मंगळवारी संध्याकाळी शेजारचा साबी गाडी घेऊन आला. करवतीच्या कारखान्यात काम करतो, भला माणूस. त्याची बायको नेव्याना प्लोव्दिव शहरातल्या इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी अकराला हृदयाचं ऑपरेशन.

"तुझं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणते, दादा," साबी बॉनेटवर हात ठेवत म्हणाला. "आणि ही बया वळताना कण्हतेय."

रांगेलने त्या दिवशी दोन टेंपोंची कामं उपसली होती. तरी शिरला खाली. मी फिरवलं. करर्र. आणि त्याच्या मागोमाग, खालून, माझ्या तळव्यांना बारीकसं ठप्प.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"एकच आहे. बेअरिंग."

"अरे, हाताला लागलं माझ्या!"

"तुझ्या हाताला संधिवात लागलाय."

साबी हसला. मीही विषय सोडला. खरं सांगते, पहाटे पाचपासून उभी होते, कणीक सुकत होती. रांगेलने बेअरिंग बदललं, मी एकदा भर्रकन फिरवलं, करकर थांबली होती. ठप्प आहे की नाही हे बघायला मी बसलेच नाही. तोवर उठले होते.

सकाळी साबी निघाला. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसापुढे आमच्याकडे दारात पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. आणि ते ओलांडलं की मागे फिरायचं नाही. साबीच्या घरात ओतायला बाई नव्हती, म्हणून तांब्याचं भांडं घेऊन मीच गेले. नेव्यानासाठी पनीर भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा भाजून बांधून दिली. पाण्यावरून चाकं गेली, गाडी बेकरीपाशी वळली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ठप्प!

माझ्या हातातलं भांडं पडलं. लगेच फोन केला.

"साबी, मागे फिर. चाकात दोष आहे."

"वहिनी, काय बोलताय! तुम्हीच पाणी ओतलंत ना? आजच्या दिवशी मी मागे फिरू?"

"अरे बाबा, पुढे घळ आहे!"

"मेलो तरी फिरणार नाही."

माझ्याच हातचं पाणी माझ्याच आड आलं. काय करणार? म्हटलं, "बरं, फिरू नकोस. घळीच्या अलीकडे झरा आहे, तिथवर हळू जा आणि थांब. थांबणं म्हणजे परतणं नव्हे." तो तयार झाला.

रांगेल एकाच मोज्यावर खाली आला. माझं फोनवरचं बोलणं त्याने ऐकलं होतं. आमच्या खटाऱ्यातून आम्ही झऱ्यापर्यंत गेलो. साबी दगडावर बसून घड्याळ बघत होता. रांगेलने आपली हत्यारांची पेटी आणि जॅक उतरवला आणि आमच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"पण पाणी तर माझ्या गाडीपुढे..."

"पाणी माणसासाठी ओतलंय, पत्र्यासाठी नाही," मी खेकसले. "बानित्सा घे आणि नीघ!"

तो गेला. रांगेल चाकाजवळ वाकला आणि मला म्हणाला, "बस. डावीकडे."

मी फिरवलं. ठप्प झालं आणि गाडी माझ्या बाजूने खाली बसली. उतरून बघते तर चाक बाहेरच्या अंगाला आडवं. चार पावलांवर घळीचा कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही.

आम्ही दोघं झऱ्याच्या कट्ट्यावर टेकलो.

"मलाही ऐकू आलं होतं काल," रांगेल म्हणाला. "दुसरा आवाज. गाडी पुन्हा उचलायची म्हणजे पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं. नाही झालं गं माझ्याने. म्हटलं, साबी परत आला की बघू."

मला चीड आली, रडूही आलं. पण त्याला बोलायला मला तोंड कुठे होतं? "मी पण पुन्हा म्हटलं नाही," एवढंच म्हणाले.

साडेदहाला फोन वाजला. रांगेलने उचलला. साबीचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"पोचलो, दादा! भेटली. विचारत होती, घळीतून आलास, गाडी धड आहे ना? मी सांगितलं, रांगेलदादाने स्वतः बघितलीय. मग हसली आणि निवांत आत गेली."

रांगेलने फोन माझ्या हातात दिला आणि जॅक घेऊन चाकापाशी खाली टेकला. आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर.