धंदा बुडण्याची अकरा कारणं

बँकेत कर्ज मागायला जाऊन, ते आपल्याला का देऊ नये हे तिथल्या साहेबाला नीट समजावून सांगून, वर समाधानाने घरी परतणारा माणूस अख्ख्या दुबई-शारजात एकच झाला असेल, आणि तो अल नहदाला बरोबर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणायची, आमचा मुलगा अंकल म्हणायचा, आणि मी तोंडावर ‘अहो’ आणि पाठीमागे बरंच काही म्हणायचो. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाहिला असता तरी दोघांना एकाच वेळी चहाला बोलवायची माझी हिंमत झाली नसती.

पेशाने ते क्वांटिटी सर्व्हेअर. इमारत उभी राहण्याआधी तिला किती सिमेंट, किती सळई आणि किती पैसा लागेल याचा अंदाज बांधायचा, आणि शेवटी ‘काहीतरी चुकेलच’ म्हणून त्यावर दहा टक्के चढवायचे, हे त्यांचं काम. हे दहा टक्के त्यांच्या अंगात इतके मुरले होते की दहा माणसांना जेवायला बोलावलं की ताटं अकरा मांडायचे आणि अकराव्या ताटाकडे कुणी आलं नाही तर हिरमुसायचे. खरं बोलण्याची खोड तर त्याहून वाईट. एकदा जुनी गाडी विकायला काढली, तेव्हा बघायला आलेल्या पठाणाला त्यांनी गाडीतले सतरा दोष टाइप करून दिले. कागद वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “भाईजान, गाडी बेचनी है या दफनानी है?” ती गाडी पुढे चार वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

मग ते मंदीचं वर्ष आलं. समोरच्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या आणि यांच्या हातात एक महिन्याची नोटीस पडली. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या म्हणून त्यांच्या व्हिसावर हे राहू शकले, पण एका पगारात घरभाडं आणि मुलीची शाळा दोन्ही बसेनात. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला, “मार्चमध्ये हिची दहावी झाली की खलास, पुण्याला जायचं.” पुण्याला जाऊन करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पन्नाशीच्या सर्व्हेअरसाठी तिथे कुणी खुर्ची पुसून ठेवली नव्हती. लेक मात्र रोज विचारायची, “बाबा, आर वी रियली लीव्हिंग?” आणि बाबा प्रत्येक प्रश्नाला टक्केवारीत उत्तर देणारे असूनही तेवढ्या प्रश्नाला पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचे.

धंद्याची कल्पना त्यांना रस्त्यावर सुचली, तीही सगळ्या बिल्डिंगसमोर. घरी बसल्या बसल्या त्यांना थालीपिठाच्या भाजणीचं वेड लागलं होतं. तयार पाकिटातल्या भाजणीला ते ‘लाकडाचा भुसा’ म्हणायचे, म्हणून स्वतः धान्यं भाजून मिक्सरवर दळायचे. त्यात तीन मिक्सर कामी आले. एका शुक्रवारी सकाळी बाजरी जरा जास्तच भाजली गेली, धूर झाला, अलार्म वाजला आणि चौदा मजले माणसं नाइटड्रेसवर खाली उतरली. सिव्हिल डिफेन्सचा बंब येईपर्यंत दुसरा कुणी तोंड लपवून उभा राहिला असता. हे गृहस्थ वही घेऊन घोळक्यात फिरत होते. “आपके घर में महीने को आटा कितना लगता है?” पंजाबी, गुजराती, मराठी, एकही कुटुंब सोडलं नाही. माझ्याकडे आले तेव्हा डोळे लकाकत होते. “अहो, सत्तावन्न घरांना ताजं दळण हवंय! एका बिल्डिंगमध्ये!” त्यांची लेक लांब उभी राहून “आय डोन्ट नो हिम” असं मैत्रिणीला सांगत होती.

म्हणजे आता गिरणी. एक छोटा गाळा, लायसन आणि भारतातून मागवायचं यंत्र मिळून दीड लाख दिरहम. “म्हणजे साडेएकोणीस लाख रुपये,” ते स्वतःलाच मोठ्याने सांगायचे आणि दचकायचे. निम्मे त्यांच्याकडे होते, निम्म्यांसाठी बँकांचे खेटे सुरू झाले. पहिली बँक म्हणाली, सॅलरी सर्टिफिकेट आणा. हे म्हणाले, सॅलरी असती तर गिरणी कशाला काढली असती? दुसरी म्हणाली, धंद्याचे दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणा. तिसऱ्या बँकेत प्रत्येक खेपेला खुर्चीत नवा माणूस असायचा, कारण आधीच्याला काढलेलं असायचं, आणि हे पुन्हा ‘गिरणी म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करायचे. पण खरी गोम त्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात होती. नफ्याचा अंदाज शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. पहिल्याच पानावर ठळक मथळा: धंदा बुडण्याची अकरा कारणं. चौथ्या बँकेतल्या चाळिशीच्या हैदराबादी अधिकाऱ्याने ते पान वाचून विचारलं, “साब, ये आपने खुद लिखे?” तर हे उत्साहाने म्हणाले, “हां, और बारहवां कल रात को सूझा, वो भी लिख लीजिए.” अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

दर शुक्रवारी ते आमच्याकडे चहाला येऊन ही सगळी हकिगत सांगायचे आणि मी पोट धरून हसायचो. इथे एक गोष्ट कबूल करतो. माझी नोकरी टिकली होती, पगार थोडा कापला होता एवढंच, आणि त्यांना हव्या असलेल्या निम्म्या रकमेइतकी ठेव माझ्या नावावर बँकेत पडून होती. ते बोलत असताना मला ती आठवायची. मग मी बायकोला आणखी चहा टाकायला सांगायचो.

फेब्रुवारीत वहिनींनी खोकी आणली आणि भांडी कागदात गुंडाळायला घेतली. त्याच आठवड्यात त्यांच्या दारात तो हैदराबादी अधिकारी उभा राहिला. हातात तोच रिपोर्ट. मलाही साक्षीदार म्हणून वर बोलावणं आलं. त्याचीही नोकरी गेली होती आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आली होती.

“साब, आठ साल में मैं बहोत रिपोर्ट पढ़ा,” तो म्हणाला, “सब में मुनाफाच मुनाफा. उनको लोन दिया, वो सब डूबे, और मैं भी उनके साथ डूबा. डूबने का हिसाब सिर्फ आप लिखे.” तो पैसे घालायला तयार होता, भागीदार म्हणून.

दुसऱ्या कुणी त्याला मिठी मारली असती. यांनी चष्मा लावला आणि बारा कारणं एकेक करून त्याला वाचून दाखवली. लाइट गेली तर? ग्रोसरीवाल्याने पाकीट स्वस्त केलं तर? मीच आजारी पडलो तर?

“मेरे कू मालूम है साब,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “मैंइच रिजेक्ट किया था ना!”

सातव्या कारणाला वहिनी हातातली कढई तशीच घेऊन बाहेर आल्या. “अहो, त्यांना पैसे देऊ द्या हो!” तेव्हा कुठे यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

गिरणी झाली, आमच्या मागच्या गल्लीत. बारापैकी पाच कारणं खरी ठरली आणि तरीही ती चालली. बंगला-बिंगला झाला नाही, पण लेक इथेच शिकली, खोकी परत माळ्यावर गेली. ज्वारी जुनी असेल तर हे गिऱ्हाइकाला “आज नेऊ नका” म्हणून परत पाठवायचे आणि हैदराबादी भागीदार कपाळाला हात लावायचा. काही वर्षांनी लेक नोकरीला लागली, तेव्हा गिरणी भागीदारावर सोपवून हे खरोखरच पुण्याला निघाले, या वेळी आपल्या मर्जीने.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, “त्या वर्षी तुम्ही चार बँका पालथ्या घातल्यात. मी खालीच राहत होतो. मला एकदाही विचारलं नाहीत.”

ते जरासे हसले. “तुमचाही अंदाज बांधला होता,” म्हणाले. “तुम्ही नाही म्हणाला असतात. मग तुम्हाला जिन्यात मला टाळावं लागलं असतं. एवढा चांगला शेजार कशाला घालवायचा?”

मी ‘छे छे, असं कसं’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्या माणसापुढे खोटं बोलणं मला जमलं नाही. त्यांची बॅग उचलली आणि टॅक्सीपर्यंत नेऊन ठेवली. मी नाहीच म्हणालो असतो. ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही दर शुक्रवारी ते माझ्या घरी येऊन मला हसवत होते.