दादांच्या नावानं काकांचं रक्त

आमच्या घरात पहिली पदवी माझ्या हाती आली आणि त्या दिवसापासून मी घरचा डॉक्टर, वकील आणि वायरमन झालो. माझी पदवी रसायनशास्त्राची आहे, हे कुणाला सांगून उपयोग नव्हता. त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी झाली आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला, तेव्हा सगळे माझ्याच तोंडाकडे बघू लागले.

"ह्ये कावून झालं?" दादांनी विचारलं. जणू अंबाजोगाईला शिकायला गेलो तेव्हा मीच तो पिशवीत घालून आणला होता.

कावून, म्हणजे कशामुळं झालं, ते नेमकं सांगता येत नाही. पण पूर्वी आमच्या गावात सुई न देणाऱ्याला डॉक्टर मानत नसत. एक सुई, ती उकळायला एक स्टोव्ह आणि रांगेत सगळा गाव. दादा सर्दीलासुद्धा सुई मागून घेत. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गप्प बसतो म्हणतात. आमच्या घरातलं एवढं गप्प बसणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

भावकीनं उपचार सुचवायला वेळ लावला नाही. कुणी गळ्यात माळ घालायला सांगितलं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. दादांना कावीळ झालेलीच नव्हती, ही अडचण कुणाला मोठी वाटली नाही.

शेवटी दोन एसट्या बदलून आम्ही एका मोठ्या रुग्णालयात पोचलो. तिथल्या डॉक्टरबाई या आजारावर संशोधन करत होत्या. गोळ्या असतात आणि बहुतेकांना गुणही येतो. तोच कोर्स आणखी लहान करता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. "तुमच्यावर जबरदस्ती नाही," असं त्यांनी दादांना तीनदा सांगितलं. दादांना आयुष्यात हे इतक्यांदा कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्यामुळं दुसऱ्याच्या गोळ्या कमी व्हत असत्याल, तर घ्या लिहून." मला फार अभिमान वाटला. आमच्या घराण्यानं विज्ञानाला हातभार लावल्याची ही पहिलीच वेळ होती.

बाईंनी एक गोष्ट बजावली. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी रक्त द्यायचं. खरा निकाल तोच. तोवर कुणी स्वतःला बरं समजायचं नाही.

आता आमच्या काकांविषयी सांगायला हवं. काका म्हणजे दादांचे पाठचे भाऊ. दादांना जिथं जायला जमत नाही, तिथं काका जातात. आमच्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही, भाऊपण म्हणतात. ग्रामसभेत दादांच्या वतीनं हात काकांनी वर केला. शाळेच्या पालकसभेत माझी तक्रार काकांनी ऐकली आणि घरी आल्यावर दादांच्या वाटचं त्यांनीच मला बडवलं. पदवी मिळाली त्या दिवशीच्या फोटोत माझ्या शेजारी पाणावल्या डोळ्यांनी उभे आहेत तेही काकाच. दादांची त्या दिवशी शेताला पाणी द्यायची पाळी होती.

दादांचा लहान कोर्स संपून काही आठवडे झाले आणि रक्त द्यायचा दिवस आला. मी नोकरीला आहे त्या कॉलेजात परीक्षा होत्या, मला पर्यवेक्षणातून सुटता येईना. दादा एकटाच जातो म्हणाले. पंधरवड्यानं बाईंचा फोन आला, विषाणू सापडला नाही. घरात पेढे आले. पहिला पेढा काकांनी स्वतःच्याच तोंडात टाकला.

"खा लेका. पास झालो की न्हाई?"

"तुम्ही कसे पास झालात, काका?"

"मीच गेलतो ना! दादाला नांदूरघाटला सोयरिकीच्या बैठकीला जायचं व्हतं. त्याची टोपी घातली, त्याचं कार्ड दाखवलं, दिलं रक्त."

मी दादांकडे पाहिलं. ते पेढा खात होते.

"अरे, सख्ख्या भावाचं रक्त. त्यात काय येगळं असतंय?" दादा म्हणाले. "आन् सोयरिकीत माणूस बदलून चालत न्हाई."

रसायनशास्त्राची पदवी इथंही कामी आली नाही. एवढंच म्हणालो, की काकांचं यकृत ठणठणीत आहे, त्याबद्दल अभिनंदन. दादांचं काय ते अजून कुणाला ठाऊक नाही.

"कागदावर तर बरा हाय मी," दादा म्हणाले.

"त्या कागदावरून उद्या दुसऱ्याच्या गोळ्या कमी करतील, दादा. तुम्हीच बोलला होतात."

दादांनी उरलेला अर्धा पेढा ताटलीत ठेवला. काकांनी तो उचलला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं.

बाईंना फोन मीच केला. इतकी लाज मला कुठल्याही परीक्षेत वाटली नव्हती. बाईंनी रक्त दिल्याची तारीख विचारून लिहून घेतली. मग त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलं. उद्या त्यांनाच आणा. टोपी नसली तरी चालेल."

दादांच्या स्वतःच्या रक्तात विषाणू निघाला. लहान कोर्स त्यांना पुरला नव्हता.

"म्हंजे मी नापास?" दादांनी बाईंना विचारलं.

"कोर्स नापास झाला, तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "आणि कुणाला तो पुरत नाही, हे कळणंही आम्हाला तेवढंच गरजेचं आहे." दादा थोडे सावरून बसले. विज्ञानाला आमचा खरा हातभार लागला तो असा, आणि तो काकांनी जवळजवळ पुसून टाकला होता.

दादांना दुसऱ्या, जास्त दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी एकही चुकवली नाही. पुन्हा रक्त द्यायच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. नर्सनं नाव विचारलं आणि काकांच्या तोंडून सवयीनं दादांचंच नाव निघालं.

"गप बे," दादा बाही वर सारत म्हणाले, "आज मी हाय."

या वेळी विषाणू खरोखरच सापडला नाही.  दादांनी खिशात हात घालून पैसे काढले आणि पेढे आणायला काकांना पाठवलं.