उसावरून सरकत आलेली तबकडी

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातले. पण परग्रहावरच्या लोकांपुढं हात वर करून उभा राहिलेला सातारा जिल्ह्यातला मास्तर मी एकटाच असेन. आणि तेही कुठं? बायको बघायला गेलो होतो तिथं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या हिवाळ्यात आपल्याकडं उडत्या तबकड्यांची साथ आली होती. साथच म्हणायची, कारण एकाला दिसली की शेजाऱ्याला दिसायचीच. लोणंदच्या बाजारात ती कांद्याच्या ढिगावर क्षणभर टेकली म्हणे. साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या एका पेन्शनर हवालदारांनी तिला सॅल्यूट ठोकला, आणि तिनं दिवा मिचकावून तो घेतला, असं ते शपथेवर सांगायचे. सांगलीकडं तर तबकडी न दिसलेला माणूसच सापडेना. लोकांना खरोखर काय दिसत होतं? देव जाणे! आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

मी एका शाळेत सायन्स शिकवायचो. त्यामुळं जो तो मलाच विचारायचा. आणि 'मला माहीत नाही' असं म्हणायची शिक्षकाला कुठं सवय असते?

तर सांगलीकडं वाळवा तालुक्यात, आष्ट्याजवळच्या एका गावातून मला स्थळ आलं. मुलीचं नाव शालन. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, माणसं तालेवार. त्याआधी मी बऱ्याच मुली बघितल्या होत्या आणि प्रत्येक वेळी नकार तिकडून आला होता. कारण एकच, माझी बडबड. आईनं एसटीतच बजावलं, "ह्या बारीला तोंड आवर. पोहे खा आन् गप बस."

बरोबर मामा होते. मामा म्हणजे वजनदार माणूस, तराजूवरसुद्धा.

शालनचे वडील, अण्णा, घरी नव्हते. गुऱ्हाळाच्या कामाला आष्ट्याला गेले होते, दिवस मावळायच्या सुमारास येणार होते. आमचं स्वागत केलं तिच्या चुलत्यांनी. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून ड्यूटीवर! शालन पोहे घेऊन आली आणि एकदाच वर बघून हसली. मला ती फार आवडली. सरळ सांगतो, लाजायचं काय त्यात? इथं नकार आला तर आपलं काही खरं नाही, असं मनातून वाटलं.

मी गप्पच होतो हो! पण सुभेदारांनी विषय काढला.

"मास्तर, तुमी सायन्सवालं. त्या तबकडीचं खरं हाय का वो? गावात लय बोंब झालीया."

"खरं आहे," मी म्हणालो.

दाराआड बांगड्या वाजल्या. झालं! मला चेव चढला.

"दिसली तर पळायचं नाही," मी सांगू लागलो. "जमिनीवर पालथं पडायचं. डोळे मिटायचे. मान वर केली की दृष्टी गेलीच म्हणून समजा!"

हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही!

"आन् आपून वैरी न्हाई, हे त्यास्नी कळवायचं कसं?" दाराआडून शालननंच विचारलं.

"दोन्ही हात वर करायचे. आणि नम्रपणे बोलायचं."

आई माझ्याकडं अशी बघत होती की तबकडी परवडली.

दिवेलागणीला सुभेदार म्हणाले, "चला, गुऱ्हाळ दावतो. गरम गूळ खाऊन जावा." मी, मामा आणि सुभेदार बांधावरून निघालो. अंगावर माझा पांढराशुभ्र शर्ट आणि नवी कोरी टेरीलीनची पँट. एका बाजूला पाणी सोडलेला पाट, दुसऱ्या बाजूला छातीला लागेल एवढा ऊस. लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाची फटफट येत होती, तिच्यापुढं दुसरा आवाज ऐकू येत नव्हता. सुभेदार पुढं, मामा मागं, मध्ये मी.

सहज डावीकडं, उसाकडं बघितलं.

उसाच्या शेंड्यांवरून तबकडी येत होती!

गोल. प्रचंड. वर फुगीर, कडेला चपटी. खालून पांढराफटक उजेड. ना पंख, ना चाकं, नुसती उसावरून सावकाश सरकत सरळ आमच्याच रोखानं येत होती.

"आडवे व्हा!" मी बोंबललो आणि पाटात उडी घेतली.

सुभेदार फौजी माणूस. हुकूम कानावर पडला की आधी पडायचं, कारण मग विचारायचं. ते तोंड खाली घालून धाडकन पाटातच आडवे झाले. मामा माझ्यावर पडले. पाटातला चिखल नाकातोंडात गेला. तबकडीनं मरायच्या आधी मामांखालीच मरतो की काय, असं झालं!

उजेड अगदी जवळ आला. मला शालन आठवली. तिचा चुलता माझ्या शेजारी चिखलात पडलेला. म्हटलं, आपण गेलो तरी चालेल, सुभेदारांना काही होता कामा नये. मामांना ढकललं, उठलो, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात वर केले.

आता बोलायचं कोणत्या भाषेत? त्यांना मराठी कुठून येणार? शाळा तपासायला साहेब आले की आम्ही इंग्रजीत बोलायचो. तेच तोंडात आलं.

"गुड ईव्हनिंग, सर! वुई आर पूअर टीचर्स, सर! प्लीज एक्स्क्यूज अस, सर!"

तबकडी थांबली. आतून आवाज आला.

"आरं कोन हाय रं त्ये? बैलं बुजली की माजी!"

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की परग्रहावर वाळवा तालुक्याची बोली बोलतात!

डोळे उघडले. उसातल्या चाकोरीत बैलगाडी उभी. गाडीवर पालथी घातलेली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळावरच्या दोनांतली ही एक गळत होती म्हणून तिला आष्ट्याच्या लोहाराकडून ठिगळ मारून आणलं होतं. कढईखाली, अंधारात वाट दिसावी म्हणून, टांगलेली गॅसबत्ती. गाडी आणि बैलं उसाआड झाकलेली. आणि कढईखालून वाकून बघणारे, पटका बांधलेले अण्णा. माझे होणारे सासरे!

"सुबेदार, त्वा चिखलात काय करतूयास? आन् ह्यो इंग्लिश बोलनारा सायब कोन?"

सुभेदार मिशा निपटत उठले. "सायब न्हवं, अण्णा. पावनं हाईत. आपल्या शालीला बघाया आल्यात."

अण्णांनी गॅसबत्ती उचलून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझे हात अजून वरच होते.

रात्री अण्णांचं धोतर आणि सुभेदारांचा फौजी स्वेटर घालून जेवलो. वाढताना शालन पदरात तोंड लपवून हसत होती.

सकाळच्या एसटीत कंडक्टर सगळ्यांना सांगत होता, "काल सांजच्याला आष्ट्याकडं तबकडी उतरली! आतनं एक प्रानी बाहीर आला. येवढुसा. चिखलावानी कातडं. हात वर करून इंग्लिश बोलत हुता!"

येवढुसा? मी उंचीनं बरा आहे हो!

आई म्हणाली, "लय भ्यालं आसंल बिचारं."

मग बरेच दिवस आष्ट्याकडून निरोप नाही. मी आशा सोडली. जेवणावरची वासना उडाली. वर्गात पोरं तबकडीचं विचारायची, तर मी म्हणायचो, "मला माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा!

आणि एके दिवशी सुभेदार पेन्शनच्या कामाला साताऱ्यात आले ते सरळ आमच्या दारात. आई आणि मामा बसले होते, त्यांच्यापुढं गुळाची ढेप ठेवली.

"होकार हाय."

मला खरंच वाटेना. "अण्णा तयार झाले?"

"अण्णा कुठलं! त्ये म्हनलं, ह्यो मानूस नगं. पर पोरगी हटून बसली."

माझी छाती फुगली. म्हणजे तिच्या चुलत्यासाठी मी जिवावर उदार झालो, हे तिला कळलं होतं तर! "काय म्हणाली ती?"

सुभेदारांनी आईकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि मिशीवरून हात फिरवला.

"म्हनली, दुसरं स्थळ बगू नगा. ज्यो गडी आपल्या काहिलीला 'सर' म्हनतोय, त्यो मला जल्मात उलट बोलायचा न्हाई."

तिचा अंदाज अजून चुकलेला नाही. आत्ता हे तुम्हाला सांगायलासुद्धा आधी तिची परवानगी काढलीय.