उल्तुगान तातेची वशिंडं

उल्तुगान ताते उंटांना करंट देते, अशी बातमी आमच्या किझिलओर्दाच्या बाजारात फिरत होती. दूधवाली तर आवाज खाली करून सांगायची, "दोन वशिंडांमधलं अंतर कमी करायचा प्रयोग आहे म्हणे. बिचारी जनावरं!"

खरं म्हणजे ताते स्वतःच बाजारात ओरडत हिंडायची, "वशिंडं काही जवळ येईनात!" पण तिचा उंट कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता.

ताते माझ्या वडिलांची मोठी बहीण. आधी लग्नपत्रिका छापायची, आता विद्यापीठात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर कार्बनची काळी शाई छापते. छपाईची जाळी तीच, शाई ओढणारा हातही तोच. या छापील इलेक्ट्रोडांनी विहिरीच्या पाण्यातलं शिसं मोजायचं आहे. पट्टी कशी उतरली ते बघायला तिला द्रावणात बुडवून वीज कमीजास्त करतात, की पडद्यावर रेघ उमटते: एक वशिंड वर, एक खाली. दोन्ही जितकी जवळ, तितकी पट्टी चलाख. तातेची वशिंडं दोन गावांना.

आणि शुक्रवारी अल्माटीहून तपासणीला माणसं येणार होती. पट्ट्या जमल्या नाहीत तर छपाईचं टेबल अल्माटीला जाणार, ताते परत लग्नपत्रिकांकडे.

"पुन्हा ती कबुतरं आणि गुलाब? त्यापेक्षा मला वाळवंटात सोडा!"

रसायनवाले तेमिरगली आगाय, म्हणजे सर, खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाहीत. "ख्खं... शाईतला चिकटा कार्बनवर बसतो, ताते. ख्खं... सोड्याच्या पाण्यात ठेवून थोडी वीज दिली की निघेल."

तसं केलं. सकाळच्या पहिल्या पट्ट्यांची वशिंडं एकदम खेटून! दुपारच्या पट्ट्यांची पुन्हा लांब. शाई तीच, सोडा तोच. दुसऱ्या दिवशीही तसंच. आगायांचा खाकरून खाकरून घसा बसला.

आता, आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला निदान घासभर खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. ही रीत तातेने कामाच्या खोलीतही नेली होती. छपाईच्या टेबलाशेजारी गरम तळलेल्या बाउरसाकांची, म्हणजे कणकेच्या फुगीर गोळ्यांची, परात. पोस्टमन आला, खा. वायरमन आला, खा. आणि खाऊन झालं की प्रत्येक जण पट्टी उचलणार, "हीच का ती?"

बुधवारी तातेने एक पट्टी उजेडात तिरकी धरली आणि पोट धरून हसायलाच लागली.

"ओयबाय, आगाय! तुम्ही चिकटा काढताय आणि मी मागून तेल फासतेय! हा बघा, तुमचा अंगठा!"

"ख्खं... माझा नाही. एवढा जाड अंगठा डीनसाहेबांचा."

"काय फरक पडतो?"

"ख्खं... मग बाउरसाक बंद."

"बंद? माझ्या दारातून माणूस उपाशी जाईल? जीभ कशी रेटते तुमची!"

तोड तिनेच काढली. पाहुण्याने हात पाठीमागे बांधायचे, ताते स्वतः भरवणार. मेजवानीत थोरांनी धाकट्यांच्या तोंडात मांस भरवायची आमची रीत आहेच. तिने ती बाउरसाकला लावली. गुरुवारी दिवसभर वशिंडं हलली नाहीत.

शुक्रवारी अल्माटीच्या मुख्य बाई आल्या, राउशान झुनुसोव्ना. ओठ असे मिटलेले, जणू टाके घातलेत. मी तातेच्या कानात म्हटलं, "ही काही तोंड उघडत नाही. पैज!"

"लाव. उघडलं तर तू सगळीकडे करतेस ती माझी नक्कल नौरीझच्या सणापर्यंत बंद."

"नाही उघडलं तर भर बाजारात तू उंटासारखं चालून दाखवायचं."

ताते बाउरसाक घेऊन सरळ बाईंपुढे उभी राहिली. "हात मागे, जीव ओवाळून टाकते तुझ्यावरून. आ कर."

बाईंनी आगायांकडे पाहिलं. आगायांचे हात आधीच पाठीमागे आणि तोंड उघडं. मग टाके उसवले.

इकडे पडद्यावर रेघ चढली, उतरली. वशिंडं एकमेकांना खेटून बसली. बाईंनी दुसरी पट्टी लावायला सांगितली, मग तिसरी. सगळीकडे तोच उंट.

"टेबव इवंच वाहू द्या," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, आणि टेबल इथेच राहिलं. वर त्यांनी न सांगता दुसऱ्यांदा आ केला.

मी हरले. नौरीझला अजून अख्खा हिवाळा आहे आणि तोवर तोंडाने तातेची नक्कल करायची नाही. लिहिण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलं नव्हतं.