आधी त्याची बाजू

आमच्या वर्गातले दोघं जण भूमच्या स्टँडवर भेटले की एक एस.टी. तरी चुकतेच. काझी सरांच्या तासाचे किस्से निघतात, आणि दर भेटीत त्यांना नवा फाटा फुटतो. वर्गात आम्ही मूठभर, पण किस्से पोतंभर!

निजामाच्या राज्यात मुसलमान पोरांना दीनियात, म्हणजे धर्म, आणि बाकीच्यांना अखलाक, म्हणजे नीती, असे दोन खोल्यांत दोन तास असायचे. पोलिस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाली आणि उर्दूत शिकलेल्या काझी सरांच्या हातचे सगळे विषय गेले. तेव्हा हेडमास्तरांनी शेवटच्या दोन वर्गांना धर्म, नीती आणि तत्त्वज्ञान एकाच खोलीत ठेवलं आणि ते सरांकडे दिलं. सरांनी त्यासाठी चाळिशीत बाराखडी गिरवली. असे सर आम्हाला मिळाले, याची ऐट आजही आहे.

त्यांचा नियम एकच. "दुसऱ्याचं खोडायचं असेल तर आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. तो 'व्हय, ह्येच म्हणतोय मी' म्हणाला, की मगच तुमची पाळी."

*

पहिल्यांदा सापडला तेरखेड्याचा रझाक. त्याला वर्गातल्याच नामदेवच्या बाजूनं पुनर्जन्म मांडायचा होता. पठ्ठ्यानं आठवडाभर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून असा मांडला, की मागच्या बाकावरचेही पुढं सरकले.

सर म्हणाले, "नामदेव, हेच म्हणणं आहे ना तुझं?"

"व्हय," नामदेव म्हणाला. "पर सर, आता त्येला खोडू देऊ नका. लई चांगलं झालंय, ऱ्हाऊ द्या असंच."

*

ही बातमी तेरखेड्याला पोचली. रझाकचे वडील शोभेची दारू करायचे. ते तसेच काळ्या हातांनी शाळेत आले. पोरगं घरात पुनर्जन्मावर बोलतंय म्हणून ते पेटलेले होते.

सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांची तक्रार स्वतःच मांडली. लेकराचं ईमान, म्हणजे धर्मावरची श्रद्धा, ही बापाकडची अमानत असते, शाळेनं तिला हात लावताना बापाला विचारायला हवं होतं, असं बरंच काही. वडील मान डोलवत राहिले. "व्हय, ह्येच म्हणतोय मी."

"आता माझी बाजू सांगू?"

"कशाला? माझ्या दिलातलं माझ्याहून चांगलं सांगितलंत. ठेवा पोराला तुमच्याकडं."

*

एकदा आम्ही सरांना गाठलं. "सर, देव आहे का? तुमचं मत काय?"

"माझं मत ऐकलं की तुमचा विचार बंद पडेल. सरकार मला पगार तो चालू ठेवायचा देतं."

*

नामदेवनं मात्र कमाल केली. त्याच्या बापाचा आणि चुलत्याचा बांधावरून वाद होता. पंच बसले. बापाला नीट बोलता येईना म्हणून नामदेव उठला आणि नियमाप्रमाणे आधी चुलत्याची बाजू मांडली. फार सुंदर मांडली.

चुलता उठून म्हणाला, "बघा पंच, पोरगं सोताच कबूल झालं!"

पंच उठले आणि बांध गेला. दुसऱ्या दिवशी नामदेव सुजलेल्या गालानं वर्गात आला. सरांनी त्याचा गाल निरखून पाहिला. मग म्हणाले, "बेटा, समोरच्याला नियम ठाऊक आहे का, ते आधी बघावं."

*

मग शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. या विषयाला परीक्षेत मार्क नाहीत, तर तास कशाला, असा त्यांचा सवाल होता. तास बंद झाला तर सरांची शाळा सुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सर खिडकीशी उभे होते.

"या विषयाचा उपयोग कोण सांगेल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

शकुंतला उठली. वर्गातली एकटी मुलगी. "साहेब, आमच्यात एक नियम आहे," म्हणत तिनं तो सांगितला. "म्हणून आधी तुमची बाजू मांडते."

माझ्या शेजारी नामदेव पुटपुटला, "गेला बांध."

शकुंतला बोलत राहिली. या कोरडवाहू मुलखात पोरांना आधी नोकरी हवी. गणिताला मास्तर नाही आणि इथं पुनर्जन्मावर तास जातोय. पोरं घरी जाऊन वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारतात. प्रश्नांनी पोट भरत नाही. मग तिनं एकदा सरांकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. "आणि काझी सर कितीही चांगले असले, तरी एका माणसासाठी सरकारनं तास चालवू नये."

सर खिडकीतून बाहेरच बघत होते.

"साहेब, हेच म्हणताय ना तुम्ही? तुम्ही व्हय म्हणाल्याशिवाय मला माझी बाजू मांडता येत नाही."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरांच्या पाठीकडे.

"नाही," ते म्हणाले. "मी असं काही म्हणत नाही."