मावशीच्या गाडीतून बर्फात

शिकागो मागे टाकून आम्ही उत्तरेला लागलो तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत होता. "आत्ताच झोपून घे," मावशी म्हणाली, "बघण्यासारखं पुढे आहे. जागी राहणारच असशील तर बोर्ड वाचत राहा मोठ्याने. तेवढंच तुझं इंग्लिश सुधारेल."

वसुधामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भूलतज्ज्ञ म्हणून अमेरिकेत आली आणि मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरियर नावाच्या अफाट सरोवराकाठच्या एका छोट्या गावात राहिली ती राहिलीच. काका गेले, ती हॉस्पिटलातून निवृत्त झाली, तरी गाव सुटलं नाही. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. अठरा वर्षं झाली, बायकांना गाडी शिकवते. यवतेश्वरचा घाट विद्यार्थिनींबरोबर इतक्या वेळा चढले-उतरले आहे की त्याची वळणं झोपेतही सांगेन. पण बर्फ मी कधी पाहिला नव्हता. या हिवाळ्यात मावशीने फारच आग्रह धरला आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "येताना इंटरनॅशनल लायसन्स काढून आण हं."

निघण्यापूर्वी शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर थांबून आम्ही ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि पाच किलो शेंगदाणे घेतले. तिची करडी एसयूव्ही मागून निम्मी भरली. मी धंद्याच्या सवयीने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले. रबर नेहमीपेक्षा मऊ लागलं.

"विंटर टायर," मावशी म्हणाली. "थंडीत साधं रबर दगडासारखं होतं, हे होत नाही. आणि गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. एक चाक घसरलं तर बाकीची ओढून नेतात."

चार-पाच तासांनी शेतं संपून पाइनचं जंगल लागलं आणि बर्फ सुरू झाला. आधी एखाददुसरा कण, मग सगळं आकाशच काचेवर चालून आल्यासारखं. रस्ता, कडेची झुडपं, कुंपणं एकेक करून पांढऱ्यात मिटत गेली. माझ्या स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या दिवशी माझा उजवा पाय तो ब्रेक इतका शोधत होता की संध्याकाळी पोटरीत गोळा आला. मावशी मात्र पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून शांतपणे चालवत होती. गाडी रुळावरून जावी तशी जात होती. टायरचा आवाज नाही, काही नाही. इतकी शांत गाडी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

मावशीच्या गावात घरांची छपरं उभी उतरती आहेत आणि पुष्कळ घरांच्या पायऱ्यांवर दारापर्यंत लाकडी बोगदा केलेला आहे, म्हणजे दार बर्फाने अडत नाही. सरोवर इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळाभर त्याच्या पाण्यावरून गार वारं येतं, वाफ उचलतं आणि काठावर बर्फ करून ओततं. मी पहिल्या सकाळी पडदा सारला आणि तशीच उभी राहिले. अंगणातलं टेबल गायब, पायऱ्यांचा कठडा गायब. पक्ष्यांच्या दाण्याच्या खांबाचं तेवढं टोक बाहेर होतं आणि त्यावर एक लालबुंद पक्षी बसला होता.

इथे पेस्टी खातात (बटाटा, कांदा आणि कंद भरून भाजलेली तळहाताएवढी करंजी). पूर्वी इथे तांब्याच्या खाणी होत्या. कामगार ती खिशात घालून खाणीत उतरत, असं बेकरीवाल्या बाईंनी सांगितलं. मावशी ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खाते. बेकरीवाल्या बाईंनाही तिने ठेच्याची सवय लावली आहे.

तिसऱ्या दिवशी ती मला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेली आणि चावी माझ्या हातात दिली. "चल, आज तू विद्यार्थिनी."

मी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला. समोरचा, चाक घसरल्याचं सांगणारा पिवळा दिवा लुकलुकला, गाडी क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि घोटाभर बर्फातून मुकाट्याने निघाली. मला हसूच फुटलं. साताऱ्याच्या चिखलात रुतलेल्या किती गाड्या मी ढकलल्या आहेत!

"छान. आता स्पीड घे आणि ब्रेक मार."

मी मारला. पायाखाली खडखडाट झाला, ब्रेकने पाऊल उलटं ढकललं, आणि गाडी थांबायचं नाव घेईना. समोरची बर्फाची भिंत सावकाश जवळ येत गेली आणि भसकन आम्ही तिच्यात शिरलो. काचेवर सगळं पांढरं.

मावशी खळखळून हसली. "हेच दाखवायचं होतं तुला. चार चाकं निघायला मदत करतात, चढायला करतात. थांबायला नाही. थांबायला सगळ्या गाड्या सारख्याच. इथे दर हिवाळ्यात नवी एसयूव्ही घेतलेले लोकच जास्त खड्ड्यात जातात, कारण त्यांना निघताना कळतच नाही की रस्ता किती निसरडा आहे."

मग तिने मला घसरायला शिकवलं. मागचा भाग सुटला तर ब्रेक नाही, पाय अलगद उचलायचा, जिथे जायचं तिथे बघायचं आणि स्टिअरिंग तिकडेच हळू फिरवायचं. दीड तास मी त्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होते.

सहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. दोन दिवस बर्फ थांबला नव्हता. फोन गावच्या हॉस्पिटलातून होता. अशा दिवसांत नर्सना साध्या गाडीने घराबाहेर पडता येत नाही, म्हणून ज्यांच्याकडे चालणारी गाडी आहे त्यांना हॉस्पिटल मदतीला बोलावतं. डेबी नावाची प्रसूती विभागातली नर्स टेकडीवरच्या घरात अडकली होती. तिच्या जागेवरची नर्स कालपासून उभी होती आणि एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या.

मावशी फोन ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "नंदा, तू चल माझ्याबरोबर."

जाताना मी फक्त बघत होते. स्नो प्लाऊने (बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकने) मुख्य रस्ता मोकळा केला होता, पण टेकडीच्या रस्त्यावर पुन्हा वीतभर साचला होता. एक लहान गाडी नाक खाली करून चरात पडलेली. आमची गाडी चढाला लागली. तो पिवळा दिवा एकसारखा लुकलुकत होता, कुठलं तरी चाक सुटायचं, दुसरं धरायचं, आणि आम्ही चढत होतो. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं आणि खाली सरोवर, शिशासारखं, वाफाळतं. मला घाटाची इतकी वर्षं सवय, पण इतकं मोठं आणि इतकं मुकं काही मी पाहिलेलं नव्हतं.

डेबी फाटकाशी फावडं घेऊन उभीच होती. पन्नाशीची, धिप्पाड, गालांवर लाली. "थँक यू, डॉक!" म्हणत मागे बसली आणि आपल्या कुत्र्याबद्दल बोलू लागली.

उतरायला लागलो आणि सरोवरावरून वावटळ आली. एका क्षणात सगळं गेलं. रस्ता पांढरा, हवा पांढरी, आकाश पांढरं. सावली म्हणून कुठे उरली नाही. मावशीने गिअर खाली घेतला, वेग माणसाच्या चालीइतका केला. आणि मग अगदी हळू आवाजात मराठीत विचारलं, "नंदा, रस्त्याची कडा दिसतेय का गं तुला?"

मला दिसत होती. कडेला रोवलेल्या नारिंगी काठ्यांची टोकं. मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून समोर बघत होती, पण बघण्यासारखं तिला काही सापडत नव्हतं.

"दिसतेय," मी म्हणाले. "उजवीकडे दोन हातांवर काठी आहे. सरळ ठेव."

"बोलत राहा. थांबू नकोस. इथे थांबलो तर मागून कुणी येऊन धडकेल."

"सरळ. सरळ. थोडी डावीकडे. आता उतार वाढतोय. पुढे डावं वळण."

वळणावर मागची चाकं सुटली. गाडीचा मागचा भाग सरोवराच्या बाजूला जाऊ लागला. माझा पाय नसलेल्या ब्रेकवर आपटला. डेबी बोलायची थांबली. मावशीने पाय उचलला आणि म्हणाली, "रस्ता कुठे?"

"उजवीकडे! त्या मोठ्या झाडाच्या अलीकडे!"

तिने स्टिअरिंग तिकडे फिरवलं, अलगद, पोळीवर तूप सोडावं तसं. ब्रेकला शिवलीही नाही. पुढच्या चाकांनी जमीन धरली, त्यांच्यामागून मागची आली, आणि गाडी सरळ झाली. मी कित्येकींना हे तोंडी शिकवलं आहे. खऱ्या रस्त्यावर करताना पाहिलं ते त्या दिवशी, आणि तेही रस्ता न दिसणाऱ्या माणसाकडून.

"नाइस अँड स्लो, डॉक," मागून डेबी पुटपुटली.

खालपर्यंत मी बोलत राहिले आणि ती चालवत राहिली. हॉस्पिटलच्या दाराशी डेबी उडी मारून धावत आत गेली.

आम्ही कँटीनमध्ये बसलो. मावशीने कोट काढला नव्हता.

"डोळ्यांच्या डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलंय," ती म्हणाली. "पडद्याचा आजार आहे, वयाचा. कोरड्या रस्त्यावर चालतं. पांढऱ्यावर पांढरं वेगळं दिसत नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. इथे गाडी सुटली की माणूस घरात बंद होतं, नंदा."

"म्हणून बोलावलंस मला?"

"थोडंसं. तू टीचर आहेस. खरं सांग, मी तुझी विद्यार्थिनी असते तर परीक्षेला पाठवलं असतंस?"

मी तिच्याकडे बघितलं. याच बाईने घसरणारी गाडी आत्ता माझ्या डोळ्यांदेखत सावरली होती. खोटं बोलणं फार सोपं होतं. पण डेबीही त्या गाडीत होती.

"तुझ्यासारखे हात मी पाहिले नाहीत," मी म्हणाले. "पण ज्याला रस्ता दिसत नाही त्याला मी गाडी देत नाही, मावशी. तुलाही दिली नसती."

तिने कोटाची बटणं एकेक करून काढली. डोळे भरले होते, तिने ते पुसले नाहीत. मग डेबी हिरव्या कपड्यांत दारात आली, अंगठा वर केला आणि "इट्स अ गर्ल!" म्हणून लगेच परत पळाली. मावशीने नाक पुसलं. "चल, घरी ने मला," ती म्हणाली.

बाहेर वारं पडलं होतं आणि ऊन आलं होतं. चार मैल मी चालवलं, ताशी वीसच्या वर गेले नाही. अंगावर कोट असून पाठीला घाम फुटला होता. मावशी शेजारी बसून एकदाही काही म्हणाली नाही. फक्त आमच्या गल्लीत वळताना मी पाय उचलला तेव्हा हळूच म्हणाली, "बरोबर."

परतीच्या दिवशी जवळच्या लहान विमानतळापर्यंत मीच गाडी नेली. डेबी मागे बसली होती, कारण मावशीला आणि गाडीला घरी तीच आणणार होती. मावशीने डेबीला डोळ्यांचं सांगितलं होतं आणि त्या दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं. बर्फाच्या दिवशी डेबी किंवा तिचा मुलगा येईल, आणि हॉस्पिटलचा फोन आला तर गाडी मावशीची, चालवणारं माणूस त्यांचं. विमान उठलं आणि खाली ते सरोवर पुन्हा दिसलं. काठाशी गोठून पांढरं, आत काळं, आणि काठाच्या रस्त्यावर गाड्या इतक्या लहान की कोण चालवतंय याने काही फरक पडू नये.

साताऱ्यात आल्यावर सगळे मला बर्फाबद्दल विचारतात. मी गाडीबद्दल सांगते, त्या शांततेबद्दल सांगते. मावशीचं डोळ्यांचं मात्र इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, तिला विचारून.

परवा तिचा फोन आला. रात्रभर बर्फ पडला होता म्हणे. सकाळी ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली.

"पंचेचाळीस वर्षं याच्यातून जायचं कसं एवढंच बघत आले," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा नुसता बघितला. जेवढा दिसतो तेवढा. सुंदर आहे गं."